बंपरवरचे चार दिवे

“मॅडमचं राहू दे रे. साहेबांना विचार, दिवे बंपरातच बसवायचे का वर, स्टेपनीच्या बाजूला.”

दुकानाचा मालक फिटरला म्हणाला. मी तीन हातांवर, गाडीच्या उघड्या मागच्या दरवाजाआड उभी होते. त्याला दिसत नसेन, किंवा दिसत असेन तरी त्यानं फरक पडत नव्हता. साहेब म्हणजे माझे पप्पा. ते दुकानाबाहेर निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत चहा पीत बसले होते. फिटर हात पुसत त्यांच्याकडे गेला. पप्पांनी एक घोट घेतला, गाडीकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “बंपरातच घ्या. वर नको.”

उत्तर बरोबर होतं. सकाळी रावेतहून येताना वाटेत मीच ते त्यांना सांगितलं होतं.

मी दिलेला कागद मालकाच्या काउंटरवर होता. त्यावर मी मागचा बंपर काढला होता, चार दिव्यांच्या जागा मोजून लिहिल्या होत्या, कुठली वायर कुठून न्यायची ते लाल आणि काळ्या पेनानं दाखवलं होतं. मालकानं तो घेतला, “वा, एकदम ड्रॉइंग!” म्हणाला आणि चार घड्या घालून ठेवून दिला. आता त्यावर चहाचे दोन रिकामे ग्लास होते.

गाडी माझी आहे. उंच, चारही चाकांना ताकद जाणारी, सेकंडहँड. माझ्या पगारातून घेतली आणि माझ्याच नावावर आहे. रविवारी सात-आठ गाड्यांचा आमचा एक गट मावळातल्या कच्च्या वाटांवर जातो. त्या गटात मी सगळ्यांत कमी बोलते आणि बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी चालते. अशाच एका संध्याकाळी पुढची वाट बंद निघाली आणि मला उतारावरून गाडी मागे घ्यावी लागली. रिव्हर्सच्या मूळच्या बल्बचा उजेड बंपरापासून दोन पावलं जात होता. डावीकडे वाट कुठं संपते ते दिसत नव्हतं. गटातला एक जण उतरून बॅटरी दाखवत मागे मागे चालला, “या, या, बस!” आणि बस म्हणाला तेव्हा मागचं चाक कडेपासून वीतभर आत होतं. घरी आल्यावर मी मागच्या बंपरावर कामाचे दिवे लावायचं ठरवलं. खाली जमिनीवर पसरट उजेड टाकणारे, कोणाची गाडी अडकली तर दोर बांधताना कामाला येतील असे, आणि वेगळ्या स्विचवर. वेगळा स्विच एवढ्यासाठी, की रस्त्यावर साधी गाडी मागे घेताना ते लागू नयेत. असले दिवे मागच्या माणसाच्या डोळ्यांत सुरीसारखे जातात.

हे सगळं मला कळतं, कारण हेच माझं काम आहे. चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांचं वायरिंग डिझाइन करते. कुठल्या दिव्याला किती जाडीची वायर लागते, ती कुठं वाकते, कुठं घासते, कुठं तापते, याच्यात माझा आठवडा जातो. खरं तर हे दिवे मीच लावले असते. बंपराला भोकं पाडायला आणि पट्ट्या वेल्ड करायला दुकान लागलं असतंच, पण वायरिंग मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं असतं. पप्पा म्हणाले, “चार लोकांसमोर गाडीखाली झोपणार का? माय, आपण काय गॅरेजवाले आहोत? माझ्या ओळखीतला आहे, त्याच्याकडं जाऊ.”

ओळखीतला म्हणजे पिंपळे गुरवमधला, आमच्या जुन्या घराजवळचा. रावेतला फ्लॅट घेण्याआधी आम्ही तिथं दोन खोल्यांत राहायचो. रावेतच्या आसपास दुकानांची काही कमी नाही, पण पप्पांना ती गाडी त्या गल्लीत न्यायची होती. मला ते समजलं होतं आणि त्याचं मला काही वाईटही वाटलं नव्हतं.

महिनाभरापूर्वी आम्ही दोघं स्कूटरवरून चौकशीला आलो होतो तेव्हा याच मालकानं पप्पांना सांगितलं होतं, “काका, स्कूटर जरा बाजूला घ्या, गिऱ्हाइकाची गाडी यायचीय.” या वेळी गाडी घेऊन आलो आणि काकांचे साहेब झाले.

पप्पा तीस वर्षं पिंपरीतल्या एका कंपनीत मशीनवर होते. लातूरकडून आले तेव्हा विशीत होते. त्या तीस वर्षांत सगळे त्यांना मामा म्हणायचे. गेटवर मामा, कॅन्टीनमध्ये मामा, निरोपाच्या भाषणात वयानं लहान असलेला मॅनेजरही “आपले मामा” म्हणाला. साहेब हा शब्द त्यांनी हजारदा उच्चारला असेल, पण तो त्यांच्याकडे कधी वळून आला नव्हता. आता त्या निळ्या खुर्चीत ते जसे बसले होते, पाठ ताठ, एक हात खुर्चीच्या हातावर, तसे मी त्यांना घरी कधी पाहिलं नव्हतं. फिटर बीडकडचा, धारूरचा निघाला. पप्पांची बोली ऐकून तो खूश झाला. म्हणाला, “तुमी बी आपल्याच तिकडलं का मामा?”

“साहेब म्हण,” मालकानं काउंटरवरून त्याला दटावलं.

पप्पा म्हणाले, “असू द्या, असू द्या,” पण हसले. मला त्या मालकाची मान धरावीशी वाटली. त्यानं एक शब्द देऊन माझे वडील विकत घेतले होते आणि त्या शब्दामुळे मला तोंड उघडता येत नव्हतं. मी म्हणाले असते की गाडी माझी आहे, मला विचारा, तर त्या खुर्चीतून पप्पा उठले नसते, पण बसलेही राहिले नसते.

आणि दुसरी गोष्ट अशी की मला बोलताच येत नाही. शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा यायचा. घरी मराठीच होती, पण घरात भांडायची वेळ माझ्यावर आली नाही. इंग्रजीत मला कडक ईमेल लिहिता येतं. मराठीत लाड करून घेता येतात. दुकानात, चार पुरुषांसमोर, पाय रोवून ‘हे चुकतंय’ म्हणायला जी भाषा लागते ती मला दोन्हींत येत नाही. शब्द जमवेपर्यंत बोलणं पुढं गेलेलं असतं.

फिटरच्या हाताला मात्र मी नाव ठेवणार नाही. लोखंडाचं काम त्यानं सुरेख केलं. खडूनं खुणा केल्या, दोन वेळा मागे सरकून पाहिलं, भोकं पाडली, कडा कानसल्या, उघड्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून रंगाचा हात मारला. चारही दिवे एका ओळीत, बंपराच्या खोबणीत नीट बसले. तेवढा वेळ मी खूश होते. मग त्यानं मागच्या लाल दिव्याचा डबा उघडला, टेस्टरचा बल्ब लावून रिव्हर्सची वायर शोधली आणि तिला ब्लेड लावलं.

मी घरून एक डबा नेला होता. त्यात जाड वायर, स्विच, फ्यूज आणि रिले होता. रिले म्हणजे छोटीशी मधली चावी. तिच्यामुळे दिव्यांचा भार बॅटरीपासून आलेल्या वेगळ्या जाड वायरीवर जातो आणि गाडीच्या मूळच्या बारीक वायरीला कोणी हात लावत नाही. तो डबा फिटरच्या पायाशी, न उघडलेला पडला होता.

“ते रिले…” मी म्हणाले.

फिटरनं मान वर केली. मालकानं विचारलं, “काय म्हणतायत मॅडम?”

“डब्यात रिले आहे. आणि वायर. ती वापरायची आहे. रिव्हर्सला डायरेक्ट जोडलं तर…”

“मॅडम, आप टेन्शन मत लो.” माझा चेहरा पाहून लोक हिंदीत का शिरतात ते मला अजून कळलेलं नाही. मग पप्पांकडे वळून, “साहेब, मॅडम लई अभ्यासू आहेत हां! काय, इंजिनीअर?”

“इंजिनीअर आहे. चाकणला,” पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

“मग बरोबर आहे. कंपनीत कागदावर असतं सगळं. इथं हातावर असतं राव!”

सगळे हसले. फिटर हसला, पंक्चर काढून घ्यायला थांबलेला एक जण हसला. पप्पाही हसले. मी पुन्हा दरवाजाआड जाऊन उभी राहिले. माझे कान तापले होते आणि डोळे भरून येतील की काय याची मला भीती वाटत होती. रागानं रडू येणं हा माझा जुना त्रास आहे. समोरच्याला वाटतं दुखावली, आणि तो लगेच समजूत घालायला लागतो.

काळ्या टेपाचे वेढे बसले. मालक स्वतः गाडीत चढला आणि त्यानं रिव्हर्स गियर टाकला. चारही दिवे क्षणभर पांढरे फक्क पेटले आणि विझले. मूळचा रिव्हर्सचा बल्बही विझला.

“फ्यूज गेला,” फिटर म्हणाला.

“कितीचा होता?”

“धाचा.”

“मग मोठा टाक की. तीसचा टाक. परत जायचा नाय.”

जे वायरिंगचं काम करत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वायरीला झेपेल त्याहून जास्त भार आला तर आपण जळायचं आणि वायर वाचवायची, एवढंच फ्यूजचं काम. दहा अँपिअरचा उडाला याचा अर्थ त्या बारीक वायरीवर चार दिव्यांचा भार जास्त होतोय. तिथं तीसचा घातला की फ्यूज उडत नाही, हे खरं आहे. मग जळायची पाळी वायरीची येते. आणि ती वायर मागच्या सीटच्या खालून, गालिच्याखालून, इंधनाच्या टाकीला लागून पुढं जाते. ज्या सीटवर मम्मी बसते, त्या सीटच्या खालून.

हे मला त्या क्षणी माहीत होतं. डोक्यात सगळं वाक्य इंग्रजीत तयार होतं, आकड्यांसकट. फिटरनं तीसचा फ्यूज दाबून बसवला.

या वेळी दिवे पेटलेले राहिले. संध्याकाळचे सहा-साडेसहा झाले असतील, गल्लीत सावली उतरली होती आणि त्या उजेडानं समोरच्या किराणा दुकानाचं शटर पांढरं झालं. एक बाई स्कूटरवर येत होती, पुढं लहान मूल उभं. तिनं करकचून ब्रेक लावला, डोळ्यांवर हात धरला आणि ओरडली, “ओ, बंद करा ना! माणसं आहेत का कोण!” मुलानं तोंड तिच्या पोटात खुपसलं.

“सॉरी ताई, टेस्टिंग चालू आहे,” मालक म्हणाला आणि पप्पांना डोळा घातला. “बघा साहेब. मागं कोण उभं राहतंय आता!”

वेगळा स्विच लावलाच नव्हता. गाडी मागे घेतली की दिवे लागणार, प्रत्येक वेळी, प्रत्येकाच्या डोळ्यांत. माझा डबा त्यानं अदबीनं परत दिला, “हे तुमचं सामान उरलं, मॅडम,” आणि किल्ली पप्पांच्या हातात दिली.

पप्पा गाडी सावकाश चालवत जुन्या गल्लीतून गेले. डेअरीपाशी त्यांचा कंपनीतला एक दोस्त दुधाची पिशवी घेऊन उभा होता. “काय मामा! कुणाची गाडी ही?”

“आपलीच की,” पप्पा म्हणाले, आणि मुद्दाम थोडी मागे घेऊन दाखवली. दोस्त डोळे मिचकावत बाजूला झाला, “आयला, लई उजेड!” मी शेजारी बसून समोर पाहत होते. आपलीच. त्या शब्दात मी होते, नाही असं नाही. पण मला त्यात जागा अपुरी पडत होती.

घरी आल्यावर ‘मोबाइल गाडीत राहिला’ म्हणून मी पार्किंगमध्ये उतरले. इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून रिव्हर्स गियर टाकला, पाच मिनिटं दिवे चालू ठेवले, मग मागच्या दिव्याच्या डब्यात बोट घालून वायर चाचपली. बोट लगेच मागे घ्यावं लागलं. टेप मऊ पडला होता आणि चिकट लागत होता.

जेवताना मी सांगितलं. जेवढं जमलं तेवढं. वायर तापतेय, फ्यूज चुकीचा घातलाय, आग लागू शकते.

पप्पांनी भाकरी मोडली. “तो काय येडा हाय का? किती वर्षं दुकान चालवतोय.”

“पप्पा, मी हात लावून बघितलं.”

“दिवे लागतायत ना? मग झालं की,” मम्मी म्हणाली. तिला भांडण नको होतं, बाकी काही नाही.

“पुढच्या रविवारी तळेगावला जाऊन येऊ. आलो की दाखवू त्याला,” पप्पा म्हणाले. “आता लगीच परत गेलो तर त्याला काय वाटंल?”

तळेगाव दाभाड्याला त्यांच्या एका जुन्या सोबत्यानं घर बांधलं होतं आणि त्याची वास्तुशांत होती. कंपनीतले सगळे जुने लोक येणार होते. पप्पांनी आठवडाभर आधी शर्ट इस्त्रीला टाकला होता. आम्ही तिघं गाडीनं जाणार, हे त्यांनी फोनवर कितीतरी जणांना सांगून झालं होतं.

त्याला काय वाटेल. दुकानदाराला काय वाटेल याचा विचार माझ्या घरात होत होता. मला काय वाटतं हे मी ताटावर बसून, शुद्ध मराठीत सांगितलं होतं आणि ते वरणासारखं वाढून झालं होतं.

त्या आठवड्यात कंपनीत एक गोष्ट घडली. आमच्याकडे वायरीच्या टोकाला पितळी टोपी दाबून बसवतात. ते काम बायकाच करतात, बहुतेक कंत्राटावरच्या, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या. शिफ्ट सुरू झाली की पहिल्या काही वायरी त्या मशीनला लावून तुटेपर्यंत ओढतात. किती जोरानं तुटली ते वहीत लिहितात आणि मगच पुढचा माल करायला घेतात. बुधवारी माल न्यायला गाडी आली होती आणि मॅनेजर घाईत खाली आला. “ताई, आज ओढायचं राहू द्या. कालचीच सेटिंग आहे.”

परभणीकडची एक बाई आहे, चाळिशीची. तिनं वर न बघता सांगितलं, “ओढल्याबिगर माझ्या हातून जायचं न्हाई, सर.”

“अहो, बाहेर गाडी उभी आहे.”

“ऱ्हाऊ द्या उभी. तिला काय पाय दुखत्यात का?”

शेजारच्या दोघी फिदीफिदी हसल्या. मॅनेजर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि तिनं सगळ्या वायरी सावकाश ओढल्या.

मी पलीकडे कागद घेऊन उभी होते आणि मला तिचा राग आला. खरंच आला. तिच्यामागे लिहिलेला नियम होता, आकडा दाखवणारं मशीन होतं. पिंपळे गुरवच्या गल्लीत उभी कर तिला, मग बघू, असं मी मनात म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं की ती तिथंही हेच म्हणाली असती. त्यानं राग कमी झाला नाही. तो फक्त तिच्यावरून उठून माझ्यावर येऊन बसला. जिची वायर चुकली तर फार तर माल परत येईल, ती बोलते. माझी चुकली तर माझी आई जळेल, आणि मी घरी जाऊन मोबाइल बघत बसते.

तरी गुरुवारी, शुक्रवारी मी नुसती चाचरत राहिले. पप्पांशी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी “बघू” म्हटलं. शनिवारी दुपारी दोघं झोपले होते तेव्हा मी खाली गेले, बॉनेट उघडलं आणि तीसचा फ्यूज उपटून खिशात टाकला. हिरव्या प्लास्टिकचा, नखाएवढा. दिवे लागणार नाहीत, रिव्हर्सचा बल्बही लागणार नाही, पण आगही लागणार नाही. मला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली. माझी सगळी बंडं अशीच असतात. लोक झोपले असताना, आवाज न करता, नंतर कोणी विचारलं तर ‘मला काय माहीत’ म्हणता येईल अशी. शाळेत बाई टोचून बोलल्या की मी त्यांचा खडू लपवायचे. सव्वीस वर्षांची झाले तरी खडूच लपवतेय.

रविवारी सकाळी नऊला आम्ही खाली उतरलो. मम्मीनं मोरपंखी साडी नेसली होती, हातात आहेराची पिशवी. पप्पांचा शर्ट इतका कडक होता की वाकताना आवाज येत होता. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले काका गेटपाशी पेपर घ्यायला आले होते. पप्पा सोसायटीत सहसा कोणाशी आपण होऊन बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

“या की, दिवे दाखवतो. मागं उभे ऱ्हावा. जरा लांब हां, डोळ्याला लागतंय.”

काका पेपर काखेत धरून मागे गेले. पप्पांनी गियर टाकला. काही झालं नाही. त्यांनी गियर काढून पुन्हा टाकला. त्याच फ्यूजवर चालणाऱ्या मागच्या कॅमेऱ्याचं चित्रही गाडीतल्या पडद्यावर आलं नाही.

“लागले का?”

“नाही हो,” काका म्हणाले.

“आता?”

“नाही.”

पप्पा उतरले, मागे आले, एका दिव्यावर हलकेच हातानं थापटलं. बंद पडलेल्या रेडिओला मारतात तसं. मग काकांकडे पाहून हसले. ते हसणं मला ओळखीचं होतं. एकदा शाळेच्या सभेत मॅडमनी त्यांना इंग्रजीत काहीतरी विचारलं होतं, तेव्हा ते असंच हसले होते. फ्यूज माझ्या पर्समध्ये होता, आणि तेवढा लावला असता तर ते हसणं लगेच गेलं असतं. दहा सेकंदांचं काम. हात पर्सपर्यंत गेलाही होता.

“थांबा, त्यालाच लावतो,” म्हणून पप्पांनी दुकानाच्या मालकाला फोन लावला. कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलतात. पार्किंगमध्ये आवाज घुमला.

“बोला साहेब! सकाळी सकाळी?”

“अहो, दिवे लागंनात. काल-परवापर्यंत बरे होते.”

“असं कसं होईल? आपलं काम आहे ते. साहेब, मॅडमनी काय हात लावला का वायरिंगला? नाय म्हणजे, इंजिनीअर लोकांना जरा खाज असते.”

तो हसला. बँकेतले काका गालातल्या गालात हसले. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग फोन तोंडाजवळ नेऊन, मला सांभाळून घ्यावं तशा आवाजात म्हणाले, “छे छे. तिला काय कळतंय त्यातलं.”

ते मला वाचवत होते. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि अजून त्याचाच सर्वांत जास्त राग येतो. मालकाचं सोडा. तो परका, तो धंदा करत होता. पण या माणसानं मला शिकवण्यासाठी ओव्हरटाइम केला होता, माझ्या पुस्तकांना स्वतः कव्हरं घातली होती, त्यातलं एक अक्षर वाचता येत नसताना. मी काय शिकले हे ज्याला सगळ्यांत आधी माहीत असायला हवं होतं, त्यानं ते एका दुकानदाराला खूश ठेवण्यासाठी स्पीकरवर पुसून टाकलं. आणि त्याला पुसता आलं, कारण मी ते कधी मोठ्या अक्षरांत लिहिलंच नव्हतं.

मम्मी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार आता ही रडेल. मलाही तसंच वाटलं. मी पर्स उघडली, फ्यूज काढला, गाडीच्या बॉनेटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. पप्पांच्या हातातून फोन घेतला. आवाज फाटला, दोनदा थांबावं लागलं, ‘इन्सुलेशन’ला मराठी शब्द सुचला नाही तो नाहीच सुचला. पण मी बोलले:

“मी बोलतेय, गाडीची मालकीण. मला कळतं त्यातलं. हात मीच लावला, फ्यूज मीच काढलाय. तुम्ही दहाच्या जागी तीसचा टाकलात आणि माझ्या आईच्या सीटखालची वायर तापतेय, तिचं इन्सुलेशन वितळतंय, मी बोट भाजून घेतलंय. त्या दिवशी मी सांगत होते तेव्हा तुम्ही हसलात. परत माझ्या गाडीला तुम्ही हात लावायचा नाही… नाही, पप्पांना फोन देणार नाही, जे बोलायचंय ते माझ्याशी बोला. आणि पप्पा, तुम्ही पण ऐका. मी तुमच्यावर चिडलेय, तळेगावहून आल्यावर पण चिडलेलीच असणार आहे. आता किल्ली द्या. मम्मी, तू पुढं बस. उशीर होतोय, मी चालवते.”